रात्रीची पंधरा मिनिटं बाळाची

घोडबंदरला किंवा सीवूड्सला राहणारा माणूस ऑफिसातून घरी पोचून जेवेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. पोटातल्या बाळाची वेळही साधारण तीच. दिवसभर आई कामात असते, तेव्हा हालचाली तिच्या फारशा लक्षात येत नाहीत. ती आडवी झाली की जाणवू लागतात. म्हणून होणाऱ्या बाबांना आमचा एकच आग्रह: जेवणानंतरची पंधरा मिनिटं बाळासाठी ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत.

पहिलटकरणीला हालचाल 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास कळते. बाहेरून हाताला लागायला आणखी काही आठवडे जातात. वार, म्हणजे प्लॅसेंटा, पुढच्या बाजूला असेल (सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘अँटीरिअर’ लिहिलेलं असतं) तर ती मध्ये गादीसारखी येते आणि अजून उशीर होतो. काहीच लागत नाही म्हणून हिरमुसून हात काढून घेऊ नका.

तिला डाव्या कुशीवर झोपू द्या, पाठीशी एक उशी, गुडघ्यांमध्ये एक. तळहात चोळून कोमट करा, बेंबीखाली नुसता टेकवा. दाबायचं नाही, पोट चोळायचं नाही. चार-पाच मिनिटं थांबा, मग बोला. साधारण 25 आठवड्यांपासून बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं, आणि खर्जातला आवाज पोटातून चांगला पोचतो. सुचत नसेल तर आज वाशी लोकलला किती गर्दी होती तेच सांगा. शब्द कळत नाहीत, पण आवाज ओळखीचा होतो. पोटावर स्पीकर किंवा हेडफोन मात्र नकोत.

28 आठवड्यांनंतर हालचाली मोजायला तिच्यासोबत बसा. लाथ, ढुशी, कूस बदलणं सगळं धरा. उचकी धरू नका, ती एका लयीत टिकटिकते. दोन तासांत दहा व्हायला हव्यात; झाल्या की मोजणं थांबवा. कमी भरल्या, किंवा दहा होऊनही बाळ रोजच्यापेक्षा मंद वाटलं, तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. ‘शेवटच्या महिन्यात जागा कमी पडते, म्हणून बाळ शांत होतं’ हे घरोघरी सांगतात, आणि ते चूक आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, संख्या घटायला नको. गोड खायला देऊन सकाळपर्यंत वाट पाहण्यात मोलाचे तास जातात. घरच्या डॉप्लरवर ठोके ऐकू आले तरी निर्धास्त होऊ नका. ठोके असूनही बाळ त्रासात असू शकतं.

रात्री पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पाऊल तिच्या नडगीकडे वाकवा आणि गोळा सुटेपर्यंत धरून ठेवा. बोटं खाली ताणली तर गोळा आणखी आवळतो.

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र देऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर चहाही नको, लिंबूपाणी चालेल.

आणि हॉस्पिटलचा रस्ता एकदा संध्याकाळी सातला स्वतः गाडी चालवून पाहा. मॅपवरची वीस मिनिटं त्या वेळी किती होतात ते तिला कळा सुरू होण्याआधी ठाऊक हवं.