‘हार्ड’चं बटण

जर्मन शिकायला घेतलं तेव्हा मला धास्ती व्याकरणाची होती, शब्दांची नव्हती. तिथंही तीन लिंगं आहेत हे कळल्यावर तर खूशच झाले, आपल्याला काय त्याचं! मग चमचा-काट्यापाशीच गाडी अडली. चमचा ‘डेर लोफेल’, पुल्लिंगी, आपल्यासारखाच. पण काटा ‘डी गाबेल’, म्हणजे बाईमाणूस, आणि सुरी ‘डास मेसर’, चक्क नपुंसक. मराठी येत असल्याचा फायदा शून्य, उलट तोटाच.

कुणीतरी अंकी नावाचं ॲप सुचवलं. नाव ऐकून मला तीन अंकी नाटक आठवलं, पण हा जपानी शब्द आहे, अर्थ ‘पाठांतर’. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आठवलं तर कार्ड काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी, मग काही महिन्यांनी समोर येतं. विसरायच्या बेताला आलं की आठवण करून द्यायची, एवढंच तत्त्व.

मी हजारो शब्दांचा तयार डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, उतरवून घेतला आणि रोज २० नवी कार्डं सुरू केली. २० हा आकडा फसवा आहे. पहिला आठवडा मजेत जातो, कारण आज शिकलेल्या शब्दांची उजळणी अजून पुढे असते. दुसऱ्या महिन्यात रोजची कार्डं दीडशेच्या वर गेली. त्यात नऊ दिवस आजारपणात गेले. ॲप उघडलं तर ६४० कार्डं ताटकळत होती.

पण खरी गोची या ढिगाऱ्याची नव्हतीच.

कार्ड उलटल्यावर खाली चार बटणं येतात: अगेन, हार्ड, गुड, ईझी. शब्द आठवला नाही की मी ‘हार्ड’ दाबायचे. अवघड होता ना, मग हार्डच! ‘अगेन’ दाबलं की शब्द दहा मिनिटांत परत दारात उभा, आणि नापास झाल्याची बोचणी वेगळीच. पण अंकीच्या लेखी ‘हार्ड’ म्हणजे ‘आठवलं, पण कष्टाने’. ते पास होण्याचं बटण आहे. कार्ड पुन्हा कधी दाखवायचं, याच्या अंकीच्या जुन्या गणितात ‘हार्ड’ दाबलं की अंतर १.२ पट होतं. म्हणजे २० दिवसांनी आलेला, साफ विसरलेला शब्द मी आणखी २४ दिवसांनी भेटायला पाठवत होते. तोवर तो कशाला ओळख ठेवेल?

याला जोडून आणखी एक गंमत. एखादं कार्ड आठ वेळा चुकलं की अंकी त्याला ‘लीच’, म्हणजे जळू, ठरवतं. तीन महिन्यांत माझ्याकडे एकही जळू निघाली नाही, याचा मला अभिमान होता. निघणार कशी? चूक मी कधी नोंदवलीच नव्हती.

विस्मरणाचा पहिला मोठा अभ्यास हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये छापला, तोही स्वतःवरच प्रयोग करून. निरर्थक अक्षरगट पाठ करणारा तोच, तपासणारा तोच. माझंही तसंच चाललं होतं, फक्त तपासनीस लाचखाऊ निघाली. १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनरने खोक्यातल्या कप्प्यांची रीत मांडली: उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. त्या खोक्यात ‘हार्ड’ला जागाच नव्हती. मीही तेच केलं. दोनच बटणं दाबायची ठरवली, ‘अगेन’ आणि ‘गुड’. नवे शब्द बंद, जुनी कार्डं रोज शंभर.

पुढचे तीन आठवडे जीवावर आले. आणि जळवा निघायला लागल्या! सगळ्यात चिवट तिघी एकाच घरातल्या: आनत्सीएन, आउसत्सीएन, उमत्सीएन. ‘त्सीएन’ म्हणजे ओढणे. अंगावर ओढलं की कपडे घालणे, बाहेर ओढलं की कपडे काढणे (किंवा घर सोडणे), आणि तिसरं म्हणजे घर बदलणे, शिवाय कपडे बदलणेही. तिघींची सुटी कार्डं कितीही घोटली तरी एक पाठ झाली की दुसरी पुसायची. शेवटी ती काढून टाकली आणि वाक्यं स्वतः लिहिली, क्रियापदाच्या जागी रिकामी जागा सोडून: ‘थंडी आहे, कोट ___.’ हे लिहायला जो वेळ गेला त्यातच निम्मं काम झालं. तयार डेकने मला ही मेहनत वाचवून दिली होती, आणि तेच नडलं होतं.

२०२३ मध्ये अंकीत एफएसआरएस हे नवं गणित आलं. ते तुमच्या जुन्या उत्तरांवरून तुमचं विसरणं ओळखतं. माझी जुनी उत्तरं खोटी, म्हणून अमुक तारखेआधीचं धरू नको अशी सोय त्यात शोधून काढावी लागली. त्यात ९० टक्के आठवावं असं आधीच ठरवलेलं असतं. दहातला एक शब्द विसरणं हिशेबात धरलेलंच आहे, हे वाचून ‘अगेन’ची बोचणी बरीच कमी झाली. आता रोज आठ नवे शब्द, तेही धड्यात भेटलेलेच.

परवा ‘आउसत्सीएन’ आलं. मी म्हटलं, कपडे घालणे. कार्ड उलटलं, आणि अंगठा सवयीने दुसऱ्या, ‘हार्ड’च्या बटणाकडे गेला. तिथून ओढून पहिल्यावर आणला.