तुम्ही विचारलंत म्हणून: 'एक्सायटेड'ला दुसरा शब्द कोणता?

इंग्रजी शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेलाच. 'एक्सायटेड' लिहून लिहून लोक कंटाळलेले असतात आणि त्यांना एका दमात दहा शब्द हवे असतात. मी आधी एवढंच विचारते: त्याच्या आधी कसं वाटत होतं?

कारण यातल्या बहुतेक शब्दांच्या पोटात आधीची अवस्था दडलेली असते. दमूनभागून आलात, तोंडावर पाणी मारलं, डुलकी काढली आणि तरतरी आली, तर 'रिफ्रेश्ड'. ग्लानीतून किंवा आजारातून सावरलात, तर 'रिव्हाइव्ह्ड'. 'रिजुव्हिनेटेड'च्या मुळाशी 'तरुण' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, म्हणून कितीतरी महिन्यांचा शीण उतरला असेल तरच तो वापरावा; पाच मिनिटं डोळे मिटल्यावर तो फार जड होतो. 'इन्व्हिगरेटेड' मला सगळ्यांत आवडतो. तो विश्रांतीपेक्षा हालचालीतून येतो: गार वाऱ्यात झपझप चालून आलात, कान थंडगार, गाल तापलेले, श्वास अजून जोरात चाललाय आणि तरी आणखी चालावंसं वाटतंय.

'एक्सायटेड'ची नजर मात्र बहुधा पुढे असते. नव्या नोकरीत रुजू व्हायचंय, त्या दिवसाची वाट बघताय, तेव्हा तोच शब्द नेमका. निवड झाल्याचा फोन आला तो क्षण सांगायचा असेल तर 'थ्रिल्ड' घ्या. जुन्या इंग्रजीत त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ 'भोक पाडणं, आरपार जाणं' असा होता. नाकपुडीचा 'नॉस्ट्रिल' त्याच कुळातला. अंगातून शिरशिरी जाते ना, तेच ते.

'लाइव्हली' आणि 'ॲनिमेटेड' हे शक्यतो दुसऱ्यानं आपल्याबद्दल म्हणायचे शब्द. बोलताना तुमचे हात हलतात, आवाज चढतो, ते समोरच्याला दिसतं. स्वतःबद्दल 'आय फील ॲनिमेटेड' कानाला खटकतं.

'गॅल्व्हनाइज्ड'बद्दलही विचारणा होते. इटलीतल्या लुइजी गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकांच्या पायांवर विजेचे प्रयोग केले आणि १७९१ मध्ये ते प्रसिद्ध केले. झटका बसला की निर्जीव पाय ताडकन उडायचा! त्यामुळे या शब्दात आनंद असेलच असं नाही, धक्का आहे. सुस्तावलेली माणसं एखाद्या बातमीनं खडबडून कामाला लागली, तिथे तो बसतो.

('आय ॲम एक्सायटिंग' मात्र लिहू नका. त्याचा अर्थ 'मी इतरांना रोमांचित करणारी व्यक्ती आहे' असा होतो.)

आणि खरोखर वाटच बघत असाल तर 'एक्सायटेड' बदलूच नका. त्याच्या आधीचं 'व्हेरी' काढा आणि पुढे कशाची वाट बघताय ते लिहा: कोणतं काम, कोणती माणसं, काय शिकायचंय. वाचणाऱ्याला तेच हवं असतं.