पुड्यावरचं पॉप आर्ट, मुलांसोबत

पॉप आर्ट म्हणजे रोजच्या वस्तू, जाहिराती, कॉमिक्स यांतून केलेली कला, आणि तिचं सामान आणायला क्रॉफर्ड मार्केटला जायची अजिबात गरज नाही, स्वयंपाकघरातलं कपाट उघडा की झालं. बिस्किटाचा पुडा, हळदीचं पाकीट, काडेपेटी, टूथपेस्टचा खोका, मुलांच्या रोज नजरेसमोर असतं पण ज्याच्याकडे कुणी नीट बघत नाही तेच हवंय.

सुट्टीत मी लेकीला आणि आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना घेऊन हे करते आणि माझं एक ठाम मत झालंय, नेटवरून अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलच्या चित्रांतल्या मर्लिन मन्रो या हॉलिवूडच्या नटीचे प्रिंटआउट काढून रंगवायला देऊ नका. सहा-सात वर्षांच्या मुलाला ती बाई कोण हेच माहीत नसतं! अँडी वॉरहॉलने १९६२ साली सूपचे डबे रंगवले ते त्याच्या आजूबाजूला घरोघरी होते म्हणून. ३२ कॅनव्हास, कॅम्पबेल या सूपच्या कंपनीच्या तेव्हाच्या प्रत्येक चवीचा एक, आणि लॉस एंजेलिसच्या गॅलरीत ते दुकानात फळीवर माल लावतात तसे ओळीने लावले होते. मुंबईत तो मान पारले-जीच्या पुड्याचा, नाहीतर होर्डिंगवरच्या अमूलच्या मुलीचा.

तर मुलाला पुड्याचं चित्र मोठं काढायला सांगायचं, फक्त रेषा, मग खाली जाऊन त्याच्या चार झेरॉक्स काढायच्या. नियम एकच, खरा रंग कुठेच वापरायचा नाही. आमच्याकडे एकाने पुडा गडद जांभळा केला आणि थोडा वेळ बघत बसला, मग म्हणाला, "काकू, हे बिस्किट आंबट लागेल." मला इतका आनंद झाला! रंग बदलला की वस्तूच बदलते, हे मी समजावत बसले असते तर अर्धा तास गेला असता.

चारही कागद एकाच कार्डशीटवर चिकटवून द्या, सुटे ठेवले तर मजा जाते.

रंग रेषेबाहेर गेला की मुलं रडकुंडीला येतात कारण शाळेत तेच शिकवलेलं असतं. तेव्हा वॉरहॉलची सिल्कस्क्रीनची, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग दाबून छापलेली, मर्लिनची चित्रं मोबाईलवर मोठी करून दाखवा, ओठांचा रंग ओठांवरून सरकलेला दिसतो आणि चित्र त्यानेच जिवंत वाटतं. घरी असं करायला जुना एक्स-रे घ्या, त्यात आकार कापा (कटर आपण चालवायचा), आणि स्पंजने पोस्टर कलर थापा. रंग घट्टच हवा, पाणी जास्त झालं की कडेने आत शिरतो.

पण सगळ्यात जास्त रमतात ती टिपक्यांत. त्याआधी एक काम करा, पेपरमधली रंगीत जाहिरात आणि एक भिंग हातात द्या. माझी लेक दागिन्यांच्या जाहिरातीतल्या बाईवर भिंग धरून ओरडली, "आई, हिचा गाल नुसता टिपक्यांचा आहे!" आणि खरंच, लांबून गुलाबी दिसणाऱ्या गालात जवळून बारीक बारीक गुलाबी नि पिवळे ठिपके आणि मधे पांढरा कागद. मग सगळ्यांनी पेपर ओढून घेतला, कुणी क्रिकेटर बघतोय कुणी भाजीची ऑफर. जुन्या कॉमिक्समध्ये छपाई स्वस्तात व्हावी म्हणून असेच टिपके वापरून फिक्या छटा काढायचे, आणि रॉय लिक्टेनस्टाईन या दुसऱ्या अमेरिकन पॉप आर्ट चित्रकाराने तेच टिपके स्टेन्सिल लावून भल्यामोठ्या कॅनव्हासवर रंगवले, एवढं सांगितलं की मुलांना पुरतं. इअरबड रंगात बुडवून टिपके द्यायचे, ओळीत आणि सारख्या अंतरावर. चेहरा मोठा घेऊ नका, हात दुखतात आणि शेवटचे टिपके कसेही पडतात, पोस्टकार्डएवढा कागद बास.

लिक्टेनस्टाईनच्या १९६३ च्या विमानाच्या चित्रात स्फोटाचा आवाजच मोठ्ठ्या अक्षरात लिहिलाय. आपल्या मराठीत तर अशा आवाजांची खाणच आहे त्यामुळे इंग्रजी 'बूम' 'पाऊ' कशाला, कुकरचं फुस्स, दाराचं धाडकन, लोकलचं धडधड धडधड लिहू दे. अक्षरं जाड, काळी बॉर्डर, मागे पिवळा चांदणीसारखा स्फोट. 'धप्प' मधला अर्धा प किती मोठा काढायचा यावरून आमच्याकडे जोरदार वाद झाला आणि शेवटी प्रत्येकाने आपापला वेगळा धप्प काढला, ते सगळे आता पॅसेजमध्ये क्लिपा लावून वाळत टाकलेत.