हळदीची जिन

गोव्यात बनणारी हपुसा ही जिन मला मनापासून आवडते. हिमालयातलं जुनिपर (जिनला तिचा खास वास देणारं छोटं फळ), हळद, आलं, धणे, वेलची, वर गंधराज लिंबू. जवळजवळ मिसळणाचा डबाच! तरी ग्लासात बघाल तर पाण्यासारखी नितळ. जिन वाफ करून गाळताना हळदीचा पिवळेपणा वाफेबरोबर वर चढत नाही, भांड्यातच राहतो. पुढे येतो तो नुसता वास. जिभेवर आधी मातकट, ओल्या हळकुंडाची चव, मग आल्याचा हलका चटका. स्कॉटलंडच्या हेंड्रिक्स जिनमध्ये काकडी आणि गुलाबाचे अर्क ऊर्ध्वपातनानंतर घालतात, कारण काकडीचा ताजेपणा आच सोसत नाही. तीही छानच. पण माझं मन हपुसावर. टॉनिक वॉटर बेतानं घाला आणि वरून लिंबू अजिबात पिळू नका, गंधराजाचा वास मरतो.