आमची वाटचाल: सकाळची दहा मिनिटं

आमची कंपनी काय करते? बांधकामाच्या साइटवर सकाळी काम सुरू व्हायच्या आधी कामगारांशी दहा मिनिटं बोलते. साइटवर याला टीबीटी म्हणतात, म्हणजे टूलबॉक्स टॉक. नातेवाइकांना हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "याचे पैसे मिळतात?" मिळतात. सुरुवातीला ते कशाचे मिळायचे, तेही सांगतो.

मी आणि माझा भागीदार, दोघंही आधी साइट सुपरवायझर. कंपनी काढली तेव्हा आमच्याकडे एक माइक, जुना स्पीकर आणि बावन्न विषयांची फाइल होती. आठवड्याला एक विषय, की वर्ष निघालं. ठेकेदारांना फोटो आणि सह्या हव्या असायच्या, त्या आम्ही चोख द्यायचो. शंभर माणसं रांगेत उभी, मी मधोमध माइक धरून, शेवटी रजिस्टर फिरायचं. पहिली दोन वर्षं आम्ही हेच विकलं.

मग ती सकाळ आली. विषय उंचीवरच्या कामाचा होता आणि मी पंधरा मिनिटं हार्नेसवर, म्हणजे पडताना अडवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांवर, बोललो. तासाभराने तिसऱ्या मजल्यावर आरडाओरडा झाला. पाइपांच्या डक्टसाठी स्लॅबमध्ये सोडलेलं भोक प्लायच्या तुकड्याने झाकलेलं होतं. एका बिगाऱ्याला प्लाय हवा होता. त्याने तो दोन्ही हातांनी छातीसमोर उभा धरून उचलला आणि एक पाऊल पुढे टाकलं. डोळ्यांसमोर प्लाय, पायाखालचं दिसणार कसं? पाय आत गेला. नशिबाने प्लाय भोकावर आडवा अडकला आणि शेजारच्या गवंड्याने त्याला काखेत धरून वर ओढलं. मांडी सोलवटली, तेवढ्यावर निभावलं.

त्या दिवसाच्या रजिस्टरवर त्या पोराची सही होती. झाकण ठोकलेलं नव्हतं, वर 'खाली भोक आहे' असं खडूनेसुद्धा लिहिलेलं नव्हतं. मी तर त्या मजल्यावर गेलोच नव्हतो. सळईकाम करणारा एक वयस्कर फिटर संध्याकाळी म्हणाला, "साहेब, हेल्मेट घाला हे तुम्ही रोज सांगता. आज कुठे काय उघडं आहे, ते सांगा की."

फाइल बंद झाली ती त्या आठवड्यात. आता आमचा माणूस तासभर आधी पोचतो आणि मुकादमाबरोबर त्या दिवशी जिथे काम आहे तिथे फिरून येतो. बोलणं तिथेच, एका गँगशी, पंधरा-वीस जणांत. माइक लागत नाही. पहिला प्रश्न आमचा असतो: कालपेक्षा आज इथे काय बदललंय? सुरुवातीचे काही आठवडे कोणी तोंड उघडायचं नाही. एकदा एकाने परांचीची फळी हलते असं सांगितलं, आणि ती बसवल्याशिवाय आम्ही कुणाला वर चढू दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माणसं बोलायला लागली. सांगून काही होतं हे दिसलं की माणूस सांगतो.

हार्नेसबद्दल अजूनही बोलतो, पण जमिनीवर टेप टाकून. दोरी १.८ मीटर. पडताना धक्का शोषणारा पॅक उसवतो, त्याचा धरा एक मीटर. दोरीचं एक टोक हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला, तिथून तळपायापर्यंत साधारण दीड मीटर. झाले ४.३. आता दुसऱ्या टोकाचा हुक पायाजवळच्या पाइपला लावलाय आणि खालचा स्लॅब ३ मीटरवर आहे. टेप सगळ्यांसमोर पसरलेली असते, कोणीतरी आपणच म्हणतं, "म्हणजे हार्नेस असून आपटणार!" मग हुक डोक्याच्या वर का लावायचा, हे वेगळं समजवावं लागत नाही.

या बदलात दोन ठेकेदार सोडून गेले. शंभर जणांचा फोटो मिळेना, आणि गँगगणिक बोलायला आमची माणसं जास्त लागत असल्याने बिलही वाढलं. ते वर्ष ओढाताणीचं गेलं. त्यातच मी मुकादमांनाच बोलायला शिकवायचं काढलं, कारण गँग मुकादमाचं ऐकते, आमचं फक्त ऐकून घेते. भागीदार वैतागला. "मुकादमच बोलायला लागले तर आपल्याला बोलावणार कोण?" धंद्याच्या हिशेबाने त्याचं चुकत नव्हतं. झालं असं की बोलणं मुकादमांकडे गेलं आणि आमच्याकडे सकाळची फेरी, मुकादमांची तयारी आणि आलेल्या तक्रारी मार्गी लागल्या का हे बघणं उरलं. आज आम्ही नऊ जण आहोत आणि बिल याच कामाचं निघतं. सह्या अजूनही घेतो, ठेकेदाराला कागद लागतोच.

एक गोष्ट मात्र अजून जमलेली नाही. काँक्रीटच्या गाड्यांचे ड्रायव्हर दुपारी येतात, सकाळचं काहीच त्यांच्या कानावर गेलेलं नसतं आणि गाडी मागे घेताना मागचं त्यांना दिसत नाही. गेटवर बोलायला गेलं की काँक्रीट सेट होतंय म्हणून मागून हॉर्न. सध्या गेटवर एक माणूस ठेवलाय. तो गाडी आत सोडायच्या आधी ड्रायव्हरला खाली उतरवतो आणि मागे कोण इशारा करणार तो माणूस दाखवतो. मिनिटभराचं काम, पण निम्मे ड्रायव्हर अजूनही केबिनमधूनच मान हलवतात.