वेरोनिक झाँस आणि ही हुरहूर

ऐकण्यासारख्या फ्रेंच गायिकांची एक यादी आज वाचनात आली. वेरोनिक झाँस आहे तिच्यात, पण एकोणिसाव्या शतकातल्या द्यूपार्क आणि शोसाँच्या गाण्यांसाठी. सतराव्या शतकातला ऑपेराकार लुली, ज्याच्या संगीतात ती घडली, त्याचं नावसुद्धा नाही. तसं यादीत चुकीचं काहीच नाही. 'नेएर' ही तिची 2015ची तबकडी, साथीला सुझन मॅनॉफचा पियानो, पुढच्या वर्षी ग्रामोफोन पुरस्कार. ऐकावी अशीच आहे. तरीही मनाला लागलं. आपल्या गल्लीतलं पोर परगावी मोठं व्हावं आणि तिथल्या लोकांना आपल्या गावाचं नावही ठाऊक नसावं, तसं काहीसं.

लागावं का पण इतकं?

ती ओर्लेआँची, 1966चा जन्म. 1986 साली विल्यम ख्रिस्तीच्या 'लेझार फ्लोरिसाँ' या बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातलं) संगीत गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळीतून तिने सुरुवात केली. ख्रिस्ती मूळचा अमेरिकेतल्या बफलोचा. 1979मध्ये पॅरिसला त्याने ही मंडळी उभी केली. 1987च्या जानेवारीत ऑपेरा-कोमिकमध्ये त्यांनी लुलीचं 'अतीस' उभं केलं आणि फ्रान्समधल्या लोकांना आपलाच सतराव्या शतकातला ऑपेरा नव्याने सापडला. ही त्या वाऱ्यात तयार झालेली गायिका. त्या वाऱ्याचं ऋण कुणी मोजतच नाही, हे खुपतं.

आणि तिथे काय शिकावं लागतं, तेही कुणी सांगत नाही. 'त्राँब्लमाँ'च घ्या. ओळ संपताना येणारा हा कंप मूळ स्वरावरून सुरू करायचाच नाही. वरच्या स्वरावर आधी टेकायचं, तो खालच्या सुरावलीशी बोचू द्यायचा, मग हळू आंदोलनं, मग जलद, मग मुक्काम. घाई झाली की टेकणंच नाहीसं होतं आणि उरते नुसती शोभा. मुळातच आवाज रुंद हलणारा असेल तर कंप कुठे सुरू झाला तेच कळत नाही. म्हणून आवाज आधी सरळ ठेवायला शिकायचं. सरळ म्हणजे आवळलेला नव्हे. इथेच बरेच जण अडकतात: हलणं थांबवण्यासाठी गळा दाबतात, आणि दोन तासांच्या प्रयोगात चौथ्या अंकापर्यंत आवाज कोरडा पडतो.

पट्टीचंही तसंच. वाद्यं ज्याच्याशी जुळवतात तो 'ला' स्वर आज सेकंदाला 440 कंपनांचा. बरोकसाठी सर्रास 415, आणि लुलीच्या काळच्या फ्रेंच संगीतासाठी अनेक जण 392 घेतात, म्हणजे पूर्ण एक स्वर खाली. ऐकणाऱ्याला वाटतं, सोपं झालं. सोपं कसलं! लुलीच्या नायिका तशाही फार वर जात नाहीत. सगळं मधल्या सप्तकात, जिथे आवाजाच्या तेजामागे लपता येत नाही आणि प्रत्येक शब्द उघडा पडतो.

खरी कसोटी शब्दांचीच. लुलीच्या 'आर्मीद' (1686) या ऑपेरातलं दुसऱ्या अंकाच्या शेवटचं स्वगत. झोपलेल्या शत्रूवर, रनोवर, सुरा उगारलेली जादूगारीण आर्मीद, आणि एक ओळ: 'आशव्हों… झ फ्रेमी! व्हाँझों-नू… झ सूपीर!' संपवू या… मी थरारते! सूड घेऊ या… मी उसासते! बारा अक्षरांची ओळ, सहाव्यावर यती, आणि लुलीने प्रत्येक अर्ध्या वाक्यानंतर विश्रांती ठेवलेली. गाणारीने तिथे श्वास भरून घेतला की मामला संपला. विश्रांती बाईच्या धीर सुटण्याची आहे, फुप्फुसांची नाही. 'सूपीर'च्या शेवटच्या अर्धवट अक्षरालाही स्वतःचा स्वर आहे. तो टाकला तर ओळ लंगडते, जोर दिला तर हास्यास्पद होते. तत्त्वज्ञ रूसो आणि संगीतकार रामो 1753-54मध्ये याच स्वगतावरून भांडले होते. भांडावं असंच आहे ते.

पैशांचं तर काय बोलावं. फ्रान्समध्ये कलावंतांना बेकारी भत्ता मिळतो, पण बारा महिन्यांत 507 तास काम दाखवावं लागतं. एका प्रयोगाच्या मानधनाचे 12 तास धरतात. म्हणजे 43 प्रयोग. समूहात गाणाऱ्या कोवळ्या मुलीने हा हिशेब जुळवायचा की एकाच शैलीशी निष्ठा ठेवायची?

हे लिहिता लिहिता राग जरा उतरला. मोत्सार्ट तिला हवाच होता. दक्षिण फ्रान्समधल्या एक्सच्या महोत्सवात 1998 साली पीटर ब्रूकने बसवलेल्या मोत्सार्टच्या 'डॉन जोव्हानी'त ती एल्विराच्या भूमिकेत होती आणि जगाने तिला तिथे ओळखलं. शिवाय तिने आपलं घर सोडलंय कुठे? संगीतसंचालक क्रिस्तॉफ रूसेबरोबर तीन तबकड्यांची 'त्राजेदिएन' मालिका केली. पहिली लुलीपासून अठराव्या शतकातल्या ग्लुकपर्यंत, आणि पुढे तीच मालिका थेट एकोणिसाव्या शतकात शिरते. 2021मध्ये 'पासियों', पुन्हा लुली. हुरहूर माझी आहे. तिचा रस्ता सलगच होता.

रात्री तिने गायलेला, पुलँक या फ्रेंच संगीतकाराचा ऑपेरा 'ला व्वा युमेन' लावला. टेलिफोनवर बोलणारी एकटी बाई. लांबच लांब जागा अशा की वाद्यवृंद गप्प आणि ती एकेका अक्षराला एकेक स्वर देत बोलते आहे. वाक्य अर्ध्यात तुटतं, पलीकडचा काहीतरी म्हणतो, ते आपल्याला ऐकू येत नाही, आणि पुढचा शब्द निघण्याआधी तिच्या ओठांवर व्यंजन किंचित थांबतं. गायनशिक्षक बासियीने 1668मध्ये गायकांना व्यंजन असंच अडवून धरायला सांगितलं होतं. 1959च्या संगीतात ते इतकं चपखल बसेल असं त्याच्या ध्यानीमनीही नसेल. यादीत द्यूपार्क राहू दे. लुलीही हवा होता, एवढं मात्र मी म्हणतच राहणार.