टोमॅटो रुसलाय
आज सकाळी गच्चीवर गेले तर पुन्हा तेच. टोमॅटोच्या कुंड्यांखाली पिवळ्या फुलांचा सडा! आमचं नागपूर, एप्रिलचा शेवट, पारा 43 वर. झाड हिरवंगार, पण नवं फळ एक नाही.

पंधरा दिवस मी शेणखत घालतेय, पाणी वाढवतेय. (बिचारं झाड!) कारण वेगळंच निघालं. दिवसा 35 च्या वर आणि रात्रीही 24-25 च्या खाली उतरत नसेल, तर परागकणच निकामी होतात. फळ धरत नाही, फूल गळतं. जास्त खताने उलट नुसता पाला माजतो.

आई फोनवर म्हणाली, "अगं, टोमॅटो काय उन्हाळ्यात लावतात? पोळ्याच्या सुमारास बी टाकायचं, थंडीत खायचे." हे फेब्रुवारीत का नाही सांगितलं, तर म्हणे, तू विचारलंस कुठे!

मार्चमध्ये धरलेले चार टोमॅटो नारिंगीवरच अडलेत. 30 अंशांच्या वर लाल रंग नीट चढत नाही म्हणे. तोडून कूलरच्या खोलीत, पेपरवर ठेवलेत. उद्या हिरवी जाळी बांधते, निदान झाड तरी वाचेल.

शेजारच्या कुंडीतली भेंडी मात्र याच उन्हात खुशाल फुलतेय, निर्लज्ज कुठली.